दांडीवरची चिंधी

उत्तमराव सोनकांबळे यांना कामावरून काढलं, त्याला महिना होत आला. इंजिन बिघडलं तेव्हा ते जागेवर नव्हते, हे कारण. ते रजेवर होते. रजा मंजूर होती. ती मंजूर करणाऱ्यानेच त्यांना काढलं.

दिलसुखनगरला आमचं संगणक शिकवायचं केंद्र आहे. सध्या गल्लीगल्लीत निघतात, त्यातलंच एक. मी तिथे इंग्रजी संभाषण शिकवते. एम. ए. मराठी साहित्यात आहे, ते कुणी विचारत नाही. मागच्या अंगणात पत्र्याच्या खोलीत डिझेलवर चालणारा जुना जनरेटर आहे. वीज रोज जाते. गेली की उत्तमकाका इंजिन सुरू करायचे आणि वर्गातल्या संगणकांचे पडदे पुन्हा उजळायचे.

काका देगलूरकडचे. उमेदीची सगळी वर्षं इथल्या सरकारी कारखान्यात गेली. मग नवं धोरण आलं, कारखाना तोट्यात गेला, आणि काकांना स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा होती की," ते म्हणायचे. "माझी नव्हती, एवढंच." माणूस गरीब गाय नव्हता. केसांना मेंदी, खिशात कंगवा. आमचा वॉचमन अप्पाराव त्यांना हीरो म्हणायचा आणि ते त्याला नको म्हणत नसत.

एकदा मी विचारलं, सगळे संगणक एकदम सुरू झाले तरी इंजिनाचा आवाज बदलत कसा नाही?

"नुमाइशच्या जत्रेत खुर्च्यांचा पाळणा बघितलीस ना, पोरी? जोरात फिरला की खुर्च्या बाहेर फेकल्या जातात. मंदावला की खाली येतात. याच्या पोटात तशीच दोन वजनं फिरतात. इंजिन पळायला लागलं की वजनं बाहेर पसरतात अन् ही दांडी मागं ओढतात. डिझेल कमी. इंजिन दमलं की वजनं मिटतात, स्प्रिंग दांडी पुढं ढकलते. डिझेल जास्ती. याला गव्हर्नर म्हणतेत."

"म्हणजे तुम्हाला काहीच करावं लागत नाही."

"दांडी मोकळी ठेवायची, बस्. अन् तुझ्यासारखीला चहा पाजायचा."

दसऱ्याला काका आणि चतुराकाकू दरवर्षी नागपूरला जातात, दीक्षाभूमीवर. यंदा केंद्रात आयुधपूजा थाटात करायची, असं आमच्या मालकांनी, श्रीकांत सरांनी ठरवलं. सर पुण्याचे. मृदू बोलतात. इंजिनाला चंदेरी रंग द्यायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी काकांनी त्या दांडीवर आणि तिच्या सांध्यांवर फडकं गुंडाळलं, सुतळीने बांधलं.

"अप्पाराव, रंग मारा, हार घाला, नाचा. हे फडकं तेवढं सोडू नक्को. सांध्यात रंग वाळला तर दांडी हलायची न्हाई."

"हौ, हीरो."

नवमीला सकाळी सर रंगकाम बघायला आले. पूजेचं ताट घेऊन मी शेजारीच होते.

"पूजेच्या मशीनवर चिंधी कसली ही?"

"उत्तमभाई बांधके गए, साब. छोडना नक्को बोले."

"त्यांना पूजेतलं काय कळतंय," सर हसून म्हणाले आणि सुतळी स्वतः सोडली. रंगाऱ्याने दांडीलाही जाड हात दिला. तिच्यावरच झेंडूची माळ अडकवली.

इंजिन बंद असतं तेव्हा स्प्रिंगने ती दांडी पूर्ण डिझेलच्या बाजूला ढकललेली असते. रंग तिथेच वाळला. दसऱ्यानंतर वर्ग भरले, वीज गेली, काका परतायचे होते. अप्पारावने इंजिन सुरू केलं. इंजिन बेफाम सुटलं. वजनं पसरली असतील, ओढत असतील, पण दांडी हलेना. बंद करायचा खटकाही तिच्यावरच चालतो. खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या. अप्पारावने ओलं पोतं इंजिन हवा ओढतं त्या तोंडावर दाबलं, म्हणून ते थांबलं. त्याआधी पंख्याचं पातं तुटून त्याच्या हातावर बसलं होतं. हाड मोडलं.

सिकंदराबादहून दुरुस्तीचा माणूस आला. त्याने सांध्यातला रंग खरवडून सरांच्या तळहातावर ठेवला. सरांनी मान डोलावली. बोटं पुसली.

इंजिन दुरुस्त झालं त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना मागे बोलावलं. नारळ तयार होता.

"उत्तमराव, जबाबदार माणूस जागेवर असता तर हे घडलं नसतं. झालं ते झालं. सगळ्यांसमोर इंजिनाला हळदकुंकू वाहा, नारळ फोडा, माफी मागा. उद्यापासून या."

"साहेब, मी बावीस प्रतिज्ञा घेतलेला माणूस. हे माझ्यानं व्हायचं न्हाई."

"एवढं कसलं वावडं तुम्हा लोकांना?"

"माफी मागायची तर अप्पारावची मागा. ती बी मी कशाला मागू?"

प्लास्टरमधला हात सावरत अप्पाराव म्हणाला, "साब, कपडा तो आप निकाले."

"तू आराम कर," सर म्हणाले.

मी म्हटलं, "सर, सुतळी तुम्ही सोडलीत. मी बघितलंय."

"तुम्ही साहित्याच्या. यंत्रातलं राहू द्या."

सरांचा आवाज जराही चढला नाही. काकांनी खिशातून कंगवा काढला, केस विंचरले. दांडी बोटाने पुढेमागे हलवून पाहिली. मोकळी होती. मग ते बस स्टँडकडे गेले. आम्ही इतकी माणसं उभी होतो. नारळ शेवटी सरांनीच फोडला, आणि आमच्या हातावर खोबरं ठेवलं.

लक्ष्मीपूजनाला इंजिनाला पुन्हा हार घातला. त्याआधी सरांनी दांडीवर फडकं बांधून घेतलं. लाल, जरीकाठाचं, सुतळीऐवजी रेशमी दोऱ्याने. नव्या ऑपरेटरने विचारलं, हे कशासाठी?

"पद्धत आहे आपली," सर म्हणाले.