औषध पसरायचा तास
घरी जेलीसाठी चायना ग्रास उकळायला लागलं की त्या वासासरशी मी पिंपरीच्या औषध कंपनीतल्या लॅबमध्ये जाऊन उभी राहते. पेनिसिलिनचा जोर तपासायला आम्ही काचेच्या बशीत जंतू मिसळलेली असलीच जेली ओतायचो, वरच्या इवल्या नळीत औषध भरायचो आणि बशी तासभर हलवायची नाही, असा नियम होता. तेवढ्यात औषध आपसूक जेलीत पसरायचं, मगच बशी इनक्युबेटरच्या उबेत जायची. त्या दिवशी प्रमाण औषधाची, म्हणजे ज्याच्याशी नवा माल ताडून बघायचा त्या औषधाची, बशी तासभर थांबली, पण नव्या बॅचची मी पंधरा मिनिटांतच आत सरकवली, कारण तळेगावची तीनची बस गाठायची होती. सकाळी प्रमाण औषधाभोवती जंतू मेल्याचं स्वच्छ वर्तुळ आठ आण्याएवढं, बॅचभोवती जेमतेम चार आण्याएवढं! लॅबच्या साहेबांनी दोनदा मोजलं आणि नापासाच्या शिक्क्याकडे हात नेला. दारात ती बॅच बनवणारे प्लँटमधले मिस्त्री, कुरुळीचे, उभे होते. "साहेब, हप्ताभर डोळ्यात तेल घालून सांभाळलाय माल. हलका न्हाई तो." मला नोकरीत कायम व्हायला महिनाच उरला होता. "सर, मालाची नाही, चूक माझी आहे," मी कसंबसं म्हणाले, "बसपायी मी तासभर थांबलेच नाही." साहेबांनी शिक्का खाली ठेवला. "दोन्ही बशा परत लावा. तास होईस्तोवर इथून उठायचं नाही." मी बसले, मिस्त्रीही समोर स्टूल ओढून बसले, घड्याळावर नजर लावून. दुसऱ्या दिवशी दोन्ही वर्तुळं सारखी भरली. आज नातीने जेलीची ताटली उचलायला हात घातला आणि मी ओरडलेच, "हलवू नको, तास व्हायचाय अजून!" ती दचकून समोरच्या स्टुलावर बसली, अगदी त्या मिस्त्रींसारखी, घड्याळाकडे बघत.