अर्ध्यावर अडलेला कॉक

माझ्या सासूबाईंनी, स्नेहलताबाईंनी, पुण्यात चाळीस वर्षं एक नेम पाळला: स्वयंपाक आटोपला की गॅस खालून बंद. त्यासाठी एकदा कोल्हापूरला निघालेली गाडी त्यांनी साताऱ्याहून परत फिरवली होती.

नोव्हेंबरात त्या आमच्याकडे जर्मनीत, ब्राउनश्वाइगला आल्या आणि आठवड्याभरात हॉलमधला जुना गॅस हीटर मिणमिणायला लागला. मी घरमालकाला तीन खरमरीत मेल पाठवले.

शेवटी मेकॅनिक आला. त्याने मोजलं, तर प्रेशर कमी. पाइपच्या मागोमाग तो स्वयंपाकघरात गेला. तिथला पिवळा कॉक अर्धा वळलेला होता. "आल्झो," म्हणजे 'हं, तर असं', म्हणत त्याने तो पूर्ण उघडला आणि हीटर छान पेटला. गळतीबिळती काही नाही म्हणाला, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

"आई, हा तुम्ही फिरवलात?"

"मग! स्वयंपाक झाला की गॅस बंद नको करायला? पण मेला घट्ट आहे, अर्ध्यावरच अडतो."

"अहो आई, आपली शेगडी विजेवर चालते!"

त्या हीटरपुढे हात शेकत राहिल्या. मी घरमालकाला चौथा मेल लिहायला बसले, माफीचा.

"लिहितेच आहेस तर," त्या म्हणाल्या, "कॉकला तेल घालून द्यायला सांग."