मिएन झोळ्या कशी ठेवते

आमच्या गावात कुणाला नीटनेटकी म्हटलं की बाकीच्या बायका लगेच म्हणतात, "असेल, पण मिएनएवढी नाही." हे कौतुक असतं की टोमणा, मला आजवर कळलेलं नाही.

मिएन आमच्या कंपनीची कोठी सांभाळते. परदेशी पाहुण्यांना डोंगरातल्या गुहा दाखवायला न्यायचं, हे कंपनीचं काम. जंगलात दोन झाडांच्या मध्ये झोळी बांधायची, वर पावसासाठी ताडपत्री ताणायची आणि झोपायचं. पाहुणे तसेच झोपतात, हमालही तसेच आणि मी स्वयंपाकीही तसाच. परत आलो की आम्ही साठ झोळ्या आणि साठ ताडपत्र्या चिखलासकट कोठीच्या दारात टाकतो आणि तांदळाची दारू प्यायला पळतो. पुढचं सगळं मिएन बघते.

ती प्रत्येक झोळी उलटी करून झटकते, कारण शिवणीत जळू लपलेली असते. सावलीत वाळवते, उन्हात कापड जळतं म्हणून. ताडपत्री घडी घालून कधीच ठेवत नाही. एकाच घडीवर ती वर्षभरात चिरते, म्हणून दर वेळी गुंडाळी करते. ताडपत्रीची पिशवी वेगळी आणि ती सगळ्यांत वर, कारण जंगलात ती पहिली बांधायची आणि शेवटी सोडायची. दोऱ्या वीत वीत नखाखालून काढते. मऊ लागली की टाकून देते, मालक कितीही कुरकुरला तरी.

एकदा मी ओली ताडपत्री झोळीच्याच पिशवीत कोंबून आणली. दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांसमोर ती माझ्या नाकाशी धरली.

"तिन्हभाऊ, वास घ्या. कसला आहे?"

"बुरशीचा, वहिनी."

"तुमच्या भाताला असा वास आला तर चालेल का पाहुण्यांना?"

"नाही, वहिनी."

"मग बसा घासत. साबण तिथे आहे."

मी घासत बसलो. हमाल दात काढत होते. पण खरं सांगतो, मिएनच्या हातची पिशवी पाठीवर असली की पावसाची भीती वाटत नाही. असं काम करणारी बाई मनात काय घेऊन काम करते, ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

बावीस वर्षांपूर्वी इथे पाहुणे नव्हते. तेव्हा पुरुष अगरूच्या, म्हणजे सोन्याच्या भावाने विकणाऱ्या सुगंधी लाकडाच्या, शोधात लाओसच्या हद्दीपर्यंत जात. महिना महिना जंगलात, मीठ-तीळ आणि भातावर. मिएनचा नवरा थुआन खांगच्या टोळीत गेला. टोळीत तिघंच होते. खांग म्होरक्या, त्याचा मेहुणा आणि थुआन. दीड महिन्याने दोघंच परतले. थुआन तापाने गेला, खांग म्हणाला. तिथेच पुरला, पण ओढ्याला पूर आला आणि जागाच वाहून गेली. मग त्याने मिएनच्या हातात थुआनची झोळी ठेवली, नीट गुंडाळलेली, दोऱ्यांची वेटोळी केलेली. "वहिनी, आठवण म्हणून राहू दे."

इथेच तो फसला.

आमच्या जंगलात एक रीत आहे आणि ती लहान पोरालाही माहीत असते. माणूस झोळीत मेला तर गाठ सोडायची नाही. दोरी कापायची आणि त्याच झोळीत गुंडाळून त्याला मातीत द्यायचं. मेलेल्याची झोळी घरी येत नाही. आणि ही आली होती, दोऱ्या पुऱ्या, गाठी हाताने सोडलेल्या. वर तिला अगरूचा वास येत होता. म्हणजे माणूस जिवंत असताना त्याला झोळीतून खाली काढला आणि तिच्यात लाकूड भरून आणलं. ज्याला चालता येत नाही त्याच्यापेक्षा लाकूड बरं, असा हिशेब.

हे आम्ही सगळ्यांनी अंगणात उभं राहून पाहिलं. मीही पाहिलं. त्या वर्षी खांगने नवं घर बांधलं, पुढच्या टोळ्यांत कुणाला घ्यायचं तेही तोच ठरवणार होता. आम्ही चहा प्यायलो आणि घरी गेलो. मेहुणा पुढच्याच वर्षी वारला, म्हणजे सांगणारा एकटा खांगच उरला. मिएनने तीनदा त्याच्या दारात जाऊन विचारलं, "कुठे ठेवलंत त्यांना?" तीनदा तेच उत्तर मिळालं, पूर. तिच्या देव्हाऱ्यात थुआनचा फोटो होता, पण गावच्या स्मशानात थडगं नव्हतं. हाडं मिळाल्याशिवाय आमच्याकडे माणूस घरी आला असं धरत नाहीत. तो भटकतच राहतो, पावसात, उपाशी.

मग कंपनी आली. मिएनला कोठी मिळाली आणि दोन वर्षांनी वाट दाखवणारा म्हणून म्हातारा खांगही आला. त्याची पिशवी कोण भरणार? मिएनच. आम्ही श्वास रोखून होतो. एखादी कुजकी दोरी पुरे होती, खाली दगड आणि वर साठीचा म्हातारा. पण खांगची झोळी प्रत्येक वेळी ठणठणीत निघायची. हमाल म्हणायला लागले, बाई विसरली. मी म्हणालो, ती सुतळीचा तोडासुद्धा विसरत नाही, हे काय विसरणार.

गेल्या वर्षी मालकाने नवी वाट काढायची ठरवली. कोठीतच बैठक झाली, कारण पंखा तिथेच आहे. मालकाने नकाशावर एका दरीवर बोट ठेवलं. खांग म्हणाला, "ही नको. इथे वाईट वारा आहे."

"कसला वारा? ओढा आहे, सपाटी आहे, मुक्कामाला झकास."

"नको म्हणतो ना."

मिएन कोपऱ्यात दोऱ्या तपासत होती. तिचा हात थांबला. मालकाने हट्ट सोडला नाही, पाहणीला जायचं ठरलं. आठ हमाल, मी आणि खांग.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने सगळ्यांच्या पिशव्या दिल्या. खांगची दोन्ही हातांनी दिली, थोरामोठ्यांना देतात तशी. "जपून जा, खांगदादा." तो गडबडलाच, कारण एकवीस वर्षांत तिने त्याला दादा म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी त्या दरीत पोचलो तेव्हा पाऊस धरलेला होता. सगळ्यांनी ताडपत्र्या ताणल्या. खांगनेही ताणली, तीत काही खोट नव्हती. मग त्याने पिशवीतून झोळी काढली. सुरेख गुंडाळलेली. उलगडली, आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वीतभर उरलेल्या. धारदार सुरीने एका घावात कापलेल्या.

सगळ्यांत थोरल्या हमालाने आपली झोळी सोडली, ताडपत्री सोडली आणि ओढ्यापलीकडे नेऊन बांधली. मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. मेलेल्याच्या शेजारी कोण झोपणार?

"अरे, ही तिची खोडी आहे," खांग म्हणाला. "मी धडधाकट आहे, बघा की." कुणी बघितलं नाही.

भात शिजला होता. एकवीस वर्षांची लाज होती माझ्या मनात. मी वाडगा भरला, त्यात जेवायच्या दोन काड्या उभ्या खोचल्या आणि ओढा ओलांडून खांगच्या पायाशी ठेवला. तसा भात आम्ही फक्त प्रेतापुढे ठेवतो. मला फार बरं वाटलं, का खोटं बोलू?

त्याने वाडग्याकडे पाहिलं आणि तो खालीच बसला. "वर," तो म्हणाला. "त्या कपारीत. ताडपत्रीही मीच नेली. पण पाणी ठेवलं होतं रे, तिन्ह. वाडगाभर पाणी ठेवलं होतं."

सकाळी कपारीत काही नव्हतं. हाडं मिळाली खाली, दोनशे पावलांवर, ओढ्याच्या कडेच्या मुळांत अडकलेली. गावाच्या दिशेला. थुआन सरपटत निघाला होता.

एक हमाल पळत गावात गेला. तिसऱ्या दिवशी मिएन आली, पाठीवर हाडं ठेवायची भाजक्या मातीची पेटी आणि ती धुवायला दारू घेऊन. ती रडली नाही. कपारीपासून मुळांपर्यंत एकदा चालून आली. मग खांगला म्हणाली, "उचल."

त्याने गुडघे टेकले. "मिएन, मला माफ कर. लेकरं लहान होती माझी."

"बोटांची हाडं बारीक असतात," ती म्हणाली. "माती चाळून बघ. एकही राहता कामा नये."

दिवस मावळेपर्यंत तो चाळत होता. आम्ही कुणी हात लावला नाही.

थुआनला गावात थडगं मिळालं. त्याच्या झोळीच्या दोऱ्या मिएनने स्वतः कापल्या आणि झोळी सोबत पुरली. मालक खांगला काढून टाकणार होता. मिएनच आडवी आली. "त्याच्याएवढी ती वाट कुणाला माहीत आहे?" आता पाहुण्यांच्या पुढे खांगच चालतो, महिन्यातून तीनदा, त्याच कपारीखालून, त्याच मुळांवरून. मुक्कामाला त्याची झोळी ओढ्याच्या अलीकडे एकटी असते. त्याच्याशी कामापुरतंच बोलतात.

परवा मी कोठीत गेलो तर ती त्याच्याच झोळीला नव्या दोऱ्या लावत होती. कोठीतल्या सगळ्यांत चांगल्या. मला राहवलं नाही.

"वहिनी, या माणसाचे एवढे लाड?"

तिने दोरी खांबाला बांधली आणि दोन्ही पाय उचलून सगळा भार टाकून लोंबकळून पाहिली. दोरी हलली नाही.

"तुटली तर एका रात्रीत सुटेल की हो तो," ती म्हणाली. "डॉक्टर म्हणतात छाती भक्कम आहे. अजून वीस वर्षं काढेल."