मालकांची मर्जी

माझा धाकटा भाऊ जन्मला तेव्हा आईचं ऑपरेशन झालं होतं. उठून बसायलाही तिला आधार लागायचा. बाबा साबणाच्या कारखान्यात वड्या कापायच्या यंत्रावर होते. मालकांचा त्यांच्यावर भारी जीव. "घरीच थांब, पगार चालू राहील," मालक म्हणाले. "फक्त बोभाटा करू नकोस."

ते दिवस आठवले की अजून गुदगुल्या होतात. बाबा माझ्या वेण्या घालायचे. एक कानाजवळ, दुसरी पार मानेवर. ते दुपटी वाळत घालायला लागले की शेजारच्या काकू खिडकीतून हसायच्या. "हसा, हसा! पिळायला या म्हटलं तर याल का?" बाबा म्हणायचे. "अहो, नका ना, टाके दुखतात," म्हणत आई पडल्या पडल्या पोट धरून हसायची. बाबांचा भात कधी चिखल, तर कधी खडे. आम्ही बोटं चाटून खायचो.

बाबा कामावर परतले. काही महिन्यांनी पॅकिंगमधली एक मुलगी बाळंत झाली. बिनपगारी रजा तिला परवडेना. ओली बाळंतीण ती, तान्ह्याला सासूपाशी ठेवून कामावर आली. खोकी भरता भरता पान्हा फुटायचा आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. ते पाहून बाबांना राहवेना. ते तडक मालकांकडे गेले.

"तिलाही पगारी रजा द्या ना."

"तुला दिली ती माझी मर्जी. खिरापत वाटायला बसलोय का मी?"

"मग ती मर्जी परत घ्या, मालक. माझ्या पगारातून कापा. पण सगळ्यांसाठी नियम करा."

मालकांचा चेहरा उतरला. "तुला डोक्यावर बसवलं, तेच चुकलं माझं."

दुसऱ्या दिवसापासून बाबा भट्टीवर. पण एव्हाना बोभाटा झालाच होता. एकेक करत सगळे त्यांच्या मागे उभे राहिले. वर्षभर रेटारेटी चालली आणि शेवटी नियम झाला: बाळंतिणीला भरपगारी रजा, बापालाही थोडी.

मालक पुन्हा बाबांशी कामापलीकडे बोलले नाहीत. बाबांच्या मनाला ते लागून राहिलं. "माणूस वाईट नव्हता गं," ते म्हणायचे. "मला लेकासारखं वागवलं. पण लाडका एकटाच कशाला हवा?"

त्या मुलीला दुसरं बाळ झालं तेव्हा आम्ही बघायला गेलो. भर दुपारी दार नुसतंच लोटलेलं. आत ती बाळाला कुशीत घेऊन गाढ झोपली होती. बाबांनी तोंडावर बोट ठेवलं, आणलेलं टोपडं उंबऱ्याच्या आत ठेवलं, आणि आम्ही चपला हातात घेऊन जिना उतरलो.