पाण्यात सोडा!

माझ्या ताईचं लग्न खाण्याच्या सोड्यामुळे मोडता मोडता राहिलं आणि त्याच सोड्यामुळे जुळलं. मधल्या वेळात जो काही गोंधळ झाला, तो मी केला. मी रसायनशास्त्राचा मास्तर आहे.

भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा होऊन दोनेक वर्षं झाली असतील. ताई आमच्या दिघोरीत अंगणवाडी चालवायची. तिला तीन स्थळं पाहून गेली होती. तिन्ही "कळवतो जी" म्हणून गेली आणि कोणीच कळवलं नाही. चौथं स्थळ कारध्याचं, मुलगा पोस्टात. त्याचा फोटो पाहून ताई पहिल्यांदाच "पाहू" म्हणाली. (आमच्या ताईच्या भाषेत "पाहू" म्हणजे अर्धं लग्न!) त्या आनंदात बाबांनी सकाळपासून तीनदा ओटा झाडला आणि मला बजावलं, "परमोद, तू कमी बोलजो. शाळा नको घेऊ."

पाहुणे दोघंच आले, मुलगा आणि त्याचे वडील मधुकरराव. जयभीम झाला, पाणी झालं, आईनं तर्री-पोहे आणले. आईची तर्री अशी, की नुसता रंग पाहूनच कपाळाला घाम फुटावा! मधुकररावांनी दोन बशा संपवल्या. बाबांनी तिसरी पुढे केली. "घ्या ना जी, लाजून राहिले का?" तीही संपली. मुलगा हात धुवायला मागे बोरिंगवर गेला आणि इकडे मधुकररावांचा चेहरा बदलला. एक हात छातीवर, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले.

नेमकं तेव्हाच बाबांनी विचारलं, "मंग, काय म्हणता जी?"

"सोडा," मधुकरराव कसेबसे म्हणाले.

आत स्वयंपाकघरात एक चमचा खाली पडला.

"काहून जी? पोरीले अजून पाहलं बी नाई तुमी!"

"नाई जी... थोडासा सोडा."

बाबांना वाटलं, हट्ट थोडासा सोडा म्हणताहेत. ते काकुळतीला आले. "मी हट्ट नाई करून राहिलो जी. पण एक डाव पाहून तं घ्या!"

मधुकररावांनी डोळे मिटले, होता नव्हता तो जोर एकवटला आणि ओरडले, "अजी, पाण्यात सोडा!"

आमच्या घरामागे तलाव आहे. माझं डोकंच फिरलं! बाबांची ताकीद विसरून मी ताडकन उठलो. "पाण्यात सोडा? माह्या ताईले? पोरगी हाय का मासोळीचं बी?"

बाबा खचले. त्यांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "बरं जी. जयभीम." ते जोडलेले हात आजही डोळ्यांपुढे येतात आणि त्यावर कुठलीच गोळी चालत नाही.

तेवढ्यात पडदा सरकला. ताई न बोलावताच बाहेर आली. हातात ट्रे नाही, डोक्यावर पदर नाही, फक्त चमच्यानं ढवळलेल्या पाण्याचा एक पेला.

"बाबा, त्यायले खायचा सोडा पायजे. छातीत जळून राहिलं त्यायच्या."

तिचे डोळे लाल होते. ("सोडा" ऐकून तीही चुलीपाशी रडली होती, हे तिनं नंतर सांगितलं. "पाण्यात" म्हटल्यावर तिला उलगडलं.) मधुकररावांनी पेला एका दमात रिकामा केला. आणि मग जो ढेकर आला, त्यानं तलावाकाठचे बगळे उडाले!

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण जो माणूस रोज फळ्यावर सोड्याचं सूत्र लिहितो, त्याला घरात सोडा ओळखता आला नाही, ही लाज कुठंतरी धुवायची होती. मी शाळा घेतली.

"हे सोडियम बायकार्बोनेट. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते. दोघांचं भांडण मिटून मीठ आणि पाणी तयार होते, अन् कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो."

"तो आमी आयकला," बाबा म्हणाले.

"पण सोड्याचा गुण टिकत नाही," मी थांबतो कसला! "अन् त्यात सोडियम, म्हणून बीपीवाल्यानं रोज घेऊ नये. त्यापेक्षा मॅग्नेशियमचं औषध बरं. ते पोट ढिलं करते आणि अॅल्युमिनियमचं पोट बांधते, म्हणून कंपन्या दोन्ही एकात घालतात."

धडा अगदी बरोबर होता. फक्त माझ्या कपाटातल्या बाटलीत एकटंच मॅग्नेशियम होतं! ते मी मधुकररावांना चमच्याऐवजी अर्धा कप पाजलं. मास्तर देतो म्हटल्यावर ते बिचारे प्यायले.

तासाभरात मधुकररावांच्या मागच्या दारी खेपा सुरू झाल्या. पाहुण्यांची परतीची भंडाऱ्याची बस आली आणि गेली.

"मास्तर," चौथ्या खेपेला त्यांनी विचारलं, "हे कवापर्यंत चालन?"

"अभिक्रिया पूर्ण होईपर्यंत," मी म्हणालो.

खेपा म्हटल्या की पाणी आलं. मुलगा बोरिंगचा दांडा हाणायचा आणि ताई बादली धरायची. सुरुवातीला एक बादली दोन मिनिटांत भरत होती. पुढे पुढे एकेका बादलीला पंधरा मिनिटं लागायला लागली. बोरिंग काही आटली नव्हती! बाबा खिडकीतून पाहत होते आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते.

उन्हं उतरल्यावर मधुकरराव भिंतीला टेकून बसले. "माहा बोल ज्या घरात कोणालेच समजला नाई, तिथं ह्या पोरीले समजला. मले पोरगी पसंद हाय. पोराले तं इचारूच नका!"

बाबांनी ताईकडे पाहिलं. "तुले, माय?"

"सात बादल्या भरल्या बाबा," ताई खाली बघत म्हणाली. "आता कायले नाई म्हणू?"

लग्न झालं. ताई आजही कारध्यात सुखात आहे. मधुकरराव थकलेत, पण मी गेलो की शेजाऱ्यांना अजून हौसेनं ओळख करून देतात. "हे आमच्या सुनेचे भाऊ. मोठे रसायनशास्त्राचे मास्तर होत." एवढं म्हणून ते थांबतात, माझ्याकडे पाहतात आणि हात झटकतात.

"...सोडा!"