विजूचं रिकामं प्रदर्शन

विजू गेल्याचं मला दूधवाल्यानं सांगितलं. "भिया, आपकी बहन नहीं रहीं क्या?" म्हणाला आणि दूध मापून पुढे गेला. माझी मावसबहीण, बडा गणपतीच्या देवळापाशी, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायची. चित्रकार होती. म्हणजे लोक म्हणायचे; मी तिला रंग लावताना क्वचितच पाहिलं. पाहिलं ते जुने कागद गोळा करताना.

इथली कापडाची मिल बंद पडली आणि तिथल्या ऑफिसातलं सगळं रद्दीत निघालं. विजूचे वडील तिथेच हेडक्लार्क होते. ती रद्दीवाल्याकडून कामगारांची ओळखपत्रं पोतंभर उचलून आली, फोटोंसकट. तीन वर्षं खपून मिलच्याच मांजरपाटावर तिनं ती खळीनं चिकटवली आणि प्रदर्शन मांडलं. दुसऱ्या दिवशी मुंबईचे गॅलरीवाले बघायला येणार होते. चाळिशीत आलेली पहिलीच संधी.

मिल कामगारांच्या चाळींत मात्र बातमी भलतीच पोचली: मिलचे कागद परत मिळतायत. सकाळपासून ही रांग! मी हबकलोच. कावेरीबाई नावाची एक बाई नवऱ्याच्या फोटोसमोर थांबली ती हलेचना. "म्हारा घर में इनको एक बी फोटू नी है," एवढंच म्हणाली... विजूनं फडकं ओलं केलं, कार्ड अलगद सोडवलं आणि तिच्या हातात दिलं. मग काय, दुसरा पुढे आला, तिसरा आला. संध्याकाळी कापडावर नुसते चौकोनी डाग उरले. मी भयंकर चिडलो. "अगं, उद्या दाखवणार काय त्यांना? कपाळ?"

"जाऊ दे रे यार," ती म्हणाली, "त्यांचेच तर आहेत."

मुंबईवाले आले, चहा प्यायले, गेले. पुन्हा कुणी बोलावलं नाही. 'दिलेस कशाला' हे मी तिला पुढे वर्षानुवर्षं ऐकवलं. ती हसायची. आता त्याची लाज वाटते.

तेराव्याला हार घालायला तिचा फोटो शोधला, तर घरात एक नाही! आधार कार्डावरचा मोठा करून आणला, तर ही कोण बाई तेच कळेना. तेवढ्यात कावेरीबाई आली, पदराखाली फ्रेम घेऊन. प्रदर्शनात आलेल्या वार्ताहराकडून तिनं तेव्हा मागून घेतलेला फोटो: विजू, हातात ओलं फडकं, तोंडभर हसू. "घर में इनके बाजू में टांग रखी थी," ती म्हणाली. "तेरवीं के बाद लौटा देना, भैया."

महिना उलटून गेला. फ्रेम माझ्या टेबलावर आहे. परवा कावेरीबाई न्यायला आली. मी तिला बाहेरच बसवलं, चहा दिला, आणि चक्क खोटं सांगितलं... काच तडकलीय, बदलायला टाकलीय म्हणून.