विहिरीवरचा तवंग डिझेलचा नव्हता

बस्त्यावमामा आज गेले. त्यांच्यावरचा खोटा आळ माझ्यामुळे आला होता.

उत्तनजवळच्या पालीत आम्ही भाड्याने राहायचो तेव्हा मामा आमचे शेजारी. बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे.

सामायिक विहिरीच्या कठड्यावर प्रत्येक घराची बादली असायची. एकदा पाण्यावर रंगीत तवंग आला, कडेला नारिंगी गाळ.

"बाय, तू सायन्सवाली. बघ काय हाय," बायका म्हणाल्या.

मी वाकून पाहिलं. "डिझेल."

मामांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजच नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांची बादली कोणीतरी त्यांच्या दारात उपडी ठेवून गेलं. मग मामा स्कूटरवर कॅन बांधून उत्तनहून पाणी आणू लागले.

पुढे आम्ही शांती नगरला आलो. तिथे बोअरिंगच्या पाण्याने फ्लशच्या टाकीत तसाच नारिंगी, बुळबुळीत थर धरला.

तेव्हा कुठे कॉलेजात शिकलेलं आठवलं. पाण्यात विरघळलेल्या लोखंडावर जगणारे, त्याचा गंज करणारे बॅक्टेरिया. त्यांचा तवंगही तेलासारखाच चमकतो. पण काडीने हलवला की त्याचे तुकडे होतात. तेल पुन्हा जुळतं.

एका काडीचं काम. मी केलं नव्हतं.

पालीला गेले. विहिरीतल्या तवंगात काडी घातली. तुकडे झाले, जुळले नाहीत.

मामांना सांगितलं तर हसले. "डिझेलात जलम गेला माझा. मला वास कलत न्हाय काय?"

"मग बोलला का नाहीत?"

"माझं कोन ऐकनार? शिकलेली तू. खाली किनाऱ्यावर बघ, रेतीतून गोडं पानी झिरपतं तिथं बी असंच तांबडं हाय. तिथं बी मीच डिझेल ओतलं काय?"

"सगळ्यांना सांगते," मी म्हणाले.

जाता जाता दोघींना सांगितलं. विहिरीवर उभं राहून नाही. बस गाठायची होती, असं स्वतःला सांगत आले. खरं तर लाज वाटली.

आज दफनविधीनंतर एक बाई म्हणाली, "मानूस चांगला व्हता. विहीर तेवढी नासवली."

मी तिथेही गप्प. ही वेळ नाही, असं वाटलं. मला नेहमीच असं वाटतं.

म्हणून इथे लिहितेय. पालीतल्या मित्रमैत्रिणींनो, घरी वाचून दाखवा : विहिरीत डिझेल नव्हतं. मी न तपासता बोलले.

मामा, बादली अजून तुमच्या दारातच आहे. आज पाहिली.

रविवारी येते. सगळ्यांसमोर काडी घालते. बादली कठड्यावर ठेवते.

तुमचा निरोप त्यानंतर घेईन.